कुंपणातली येळवस

फाटकाला कुलूप लागलं तेव्हा माई बाहेरच राहिल्या होत्या. ही गोष्ट घराच्या लक्षात आली ती ऊन अंगाला लागायला लागल्यावर.

तोवर जो तो कामात होता. येळवसेला सगळं घर रानात जेवतं, तेव्हा कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची होती, तिच्यात पाच दगड चुन्याने रंगवून पांडव म्हणून बसवायचे होते, चुलीवर शेंगा-पालेभाज्यांची भज्जी चढवायची होती. सगळं झाल्यावर मोहनराव धोतर सावरून पूजेला बसले आणि त्यांनी डावीकडे पाहिलं. डावीकडे त्यांची बायको बसते. लग्न झाल्यापासून ती तिथेच बसत आली आहे. आज तिथे एक निळं पिंप होतं.

"गीता कुठं हाय?" अण्णांनी विचारलं. मोहनरावांना घरात आणि गावात सगळे अण्णाच म्हणतात.

वनमालेने सुनेच्या सवयीने आधी चुलीकडे पाहिलं, मग विहिरीकडे, आणि मग कुंपणापलीकडे. पलीकडे शेजारच्या मंगलच्या रानात, बोरीखाली, सासूबाई पाय पसरून बसल्या होत्या. शेजारी घोंगडीत गुंडाळलेलं आंबिलीचं मडकं, बिंदगं, होतं. मंगल त्यांना चहा देत होती.

"अहो," वनमाला नवऱ्याला म्हणाली, "माई भायेर हाईत."

विजयसिंहच्या गळ्यात शिट्टी होती आणि कमरेला फाटकाची किल्ली. त्याने बोरीकडे बघितलं, घड्याळात बघितलं, आणि अत्यंत दुःखी आवाजात म्हणाला, "सूर्य उगवायच्या आत यायचं ठरलं होतं."

आता हे कसं ठरलं होतं ते सांगायला हवं, नाहीतर या घराला वेड लागलं होतं असं कुणी समजेल. लागलं होतंच, पण रीतसर, ठराव करून लागलं होतं.

बाजार समितीच्या निवडणुकीत विजयसिंह पडला त्याला दीड वर्ष झालं. आपल्याकडे माणूस पडतो, महिनाभर घरात बसतो, मग दाढी करून पुन्हा लोकांच्या लग्नात जेवायला जाऊ लागतो. विजयसिंहने मोबाईल हातात घेतला आणि तो समाजाच्या ऱ्हासाकडे वळला. दूरदेशीची शहाणी माणसं त्यात सांगत की शहरांचं पाणी संपणार, दुकानं ओस पडणार, आणि ज्यांच्याकडे स्वतःची माती, स्वतःचं बी आणि भक्कम कुंपण असेल तेच तरणार. त्यातलं निम्मं त्याला कळायचं नाही, पण मूळ मुद्दा मनापासून पटला होता: जो समाज विजयसिंहला पाडतो, तो फार दिवस टिकणार नाही.

मग ओढ्याकाठच्या अकरा एकरांभोवती त्याने डुकरांसाठी लावतात ती झटक्याची तार फिरवली. केजहून लोखंडी फाटक करून आणलं. निळी पिंपं आणली आणि डाळी, तेल, गूळ, बी भरून ठेवलं. घरात खाती वाटली. धाकट्या भावाला, रविराजला, शिक्षण दिलं, कारण त्याचा बीडला कोचिंग क्लास होता. अण्णांना न्याय. माईंना आरोग्य, कारण त्या कधी आजारी पडल्या नव्हत्या. आणि बायकोला शेणखत.

वनमालेला त्यात नवं काही नव्हतं. ते खातं तिच्याकडे आठ वर्षांपासून होतंच. या अकरा एकरांतला ओढ्याकडचा तुकडा नुसता मुरूम होता. तिथे तिने गाळ टाकला, पाचोळा जाळायचं बंद केलं, ज्वारीत करडई आणि हरभरा मिसळून पेरला, बांधावर शेवगा नि करंज लावला. ओढ्याला दगडी बांध घातला तो शेजारपाजारच्या सावडीने. आज चार माणसं हिच्या कामावर, उद्या ही त्यांच्या कामावर, मजुरी कुणीच कुणाला द्यायची नाही. बांधाने विहिरीला पाणी आलं तेव्हा त्याची पाळी मंगल आणि तिचा नवरा अजिनाथ यांनाही मिळाली. तेव्हापासून ते दोघं दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले नाहीत. माणसाचं गाव वाचवायला पिंपं लागत नाहीत असं तिला तेव्हा वाटलं होतं, पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

विचारलं होतं ते रविराजने, आणि वाटणीबद्दल. त्याचं म्हणणं, आपल्या जिल्ह्यात न चुकता येणारं पीक एकच, ते म्हणजे ऊन. ओढ्याकडचा अर्धा भाग त्याला मिळाला तर सोलरवाली कंपनी तो भाड्याने घ्यायला तयार होती. विहीर त्याच अर्ध्यात होती. विजयसिंह म्हणाला, वीतभर जमीनही तुटणार नाही. दिवाळीपासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलायचे ते वनमालेमार्फत. शेवटी न्यायखात्याने निकाल दिला. अण्णा पंचवीस वर्षं सरपंच होते. ठराव म्हटला की त्यांच्या अंगात हुरूप येई. येळवसेच्या दिवशी सूर्य उगवल्यापासून संध्याकाळी हेंडगा, म्हणजे गवताची मशाल, पेटेपर्यंत विजयसिंहने बाहेरचं कुणी किंवा काही आत न घेता घर चालवून दाखवावं. जमलं तर रान एकत्र राहील, कारभार विजयसिंहचा, आणि उद्यापासून फाटक कायमचं बंद. नाही जमलं तर वाटणी.

म्हणजे नवरा जिंकला तर मंगल बाहेर, दीर जिंकला तर विहीर गेली. वनमालेला गेले आठ दिवस घास गिळवत नव्हता तो यामुळे.

"माई!" विजयसिंह तारेपाशी जाऊन ओरडला. "आसं कावून केलं? सांगितलं होतं ना सूर्याच्या आत या म्हणून?"

"सूर्याला काय, त्याला आंघोळ न्हाई का दात घासायचे न्हाईत," माई तिकडून म्हणाल्या. "मला हाईत. तुज्या राज्यात आईला जागा न्हाई का रं, विजू?"

"जागा हाय. येळ गेली."

"मग राहू दे. मंगलकडं चहा बरा हाय."

अण्णा कोपीतून उठून आले. बायकोकडे पाहताना त्यांचा चेहरा हलला, पण आवाज सरपंचाचाच होता. "गीता, ठराव ठराव हाय. तुला आत घेतलं तर विजूची हार होती."

"घेऊ नगा. पर आंबील माज्याकडं हाय, अन् आंबिलीबिगर पूजा कशी करता ते मला बघायचंय."

इथे सगळे अडले. पूजा झाल्याशिवाय कुणी तोंडात काही घालायचं नाही, आणि रानात आंबील शिंपडल्याशिवाय पूजा होत नाही.

"आन मीठ?" वनमालेने हळूच विचारलं. भज्जीत घालायला ती मीठ शोधत होती, ते कुठल्याच पिंपात नव्हतं. जग बुडाल्यावर लागणारं सगळं विजयसिंहने आठवून आठवून आणलं होतं. मीठ घरात नेहमी असतंच, म्हणून ते कुणाला आठवलं नाही.

"मीठबी माज्याच पिशवीत हाय," माई म्हणाल्या.

"म्हशीच्या गव्हाणीत मिठाची वीट हाय," विजयसिंह म्हणाला.

"ती म्हशीनं चाटलीय, दादा," रविराज म्हणाला. दोघं भाऊ दिवाळीनंतर पहिल्यांदा थेट बोलले ते हे.

रविराज सकाळपासून खुशीत होता. एका दगडावर बसून तो रानाकडे असं बघत होता, जणू सोलरच्या पट्ट्या आत्ताच लागल्यात आणि तापल्यातही. "मला काय, मी उपाशी राहीन," तो म्हणाला. "बीडला मी दुपारपर्यंत काही खातच न्हाई."

त्याचा हा निग्रह माईंनी मोडला. येळवसेला वाटेने जाणाऱ्या कुणालाही न जेवता जाऊ द्यायचं नसतं. माईंनी बोरीखाली बसूनच रस्त्याकडे हात केला आणि हाळी दिली, "या हो, जेवायला या!" एक मोटारसायकल थांबली. मग टमटम थांबली, तिच्यातून बरीच माणसं उतरली. अजिनाथने गोधडी अंथरली. मंगलची भज्जी तयार होती, तिच्यात मीठ होतं. तिच्या कोपीपुढे पूजा झाली, माईंनी आंबील शिंपडली आणि पंगत बसली. तारेच्या अलीकडे मंत्रिमंडळ उभं राहून बघत होतं.

"वांगं दिसतंय भज्जीत," अण्णा म्हणाले. ते साऱ्यांत जास्त भुकेले होते, आणि न्यायखात्याला ते दाखवता येत नव्हतं.

"अण्णा, या की," टमटममधलं कुणीतरी म्हणालं.

"आमाला बंदी हाय," अण्णा गंभीरपणे म्हणाले.

"काय केलं हो?"

थोड्या वेळाने रविराज तांब्या घेऊन तारेपाशी गेला. तहान लागली असं तो म्हणाला. विहीर दुसरीकडे होती. त्याने इकडेतिकडे पाहिलं, तांब्या तारेवरून पलीकडे केला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "माई, थोडी आंबील वत. कुणाला बोलू नगंस."

"तू तर हरायची वाट बघतूस ना रं?"

"हरल्यावर काय, हरायच्या आधी मला भूक लागलीय."

माईंनी वाटीने आंबील ओतली. तांब्या जड झाला, हात किंचित खाली आला, तांब्याचं बूड तारेला टेकलं. झटक्याची तार माणसाला मारत नाही, फक्त त्याचा मान ठेवत नाही. रविराज बीडमधल्या कुठल्याही क्लासच्या संचालकाने वापरू नये असा शब्द ओरडला, तांब्या वर उडाला, आणि आंबील तारेवर, दोन्हीकडच्या मातीवर आणि त्याच्या शर्टावर पडली.

शिट्टी वाजली. विजयसिंह धावत आला. "हे कुणाच्या परवानगीनं? तू माझ्या ठरावावर उठलास, रव्या!"

"मग झाला की भंग!" रविराज हात झटकत म्हणाला, पण त्याचा चेहरा उजळला होता. "अण्णा, बघा, बाहेरची आंबील आत आली. वाटणी करा."

अण्णा गुडघ्यावर हात ठेवून वाकले. कुठला थेंब तारेच्या कुठल्या बाजूला पडलाय हे ते बराच वेळ निरखत राहिले. पंगतीतली माणसं हातात भाकरी घेऊन बघायला आली. कुणी म्हणालं आत हाय, कुणी म्हणालं तारेखाली पडलीय म्हणजे दोन्हीकडं न्हाई. तेवढ्यात मोती कुत्रा आला आणि त्याने आतले-बाहेरचे सगळे थेंब चाटून टाकले. मोती सकाळपासून तारेखालून ये-जा करत होता. त्याची नोंद कुणी केलेली नव्हती.

"पुरावा न्हाई," अण्णा पाठ सरळ करत म्हणाले.

"शर्टावर हाय!" रविराज ओरडला.

"शर्ट कुठं उभा व्हता ते शर्टाला सांगता येत न्हाई."

इतका वेळ वनमालेला हसू आवरत नव्हतं. आता मंगलने तिला हात केला आणि ते हसू गेलं. ती तारेपाशी गेली. दोघी दोन बाजूंनी उभ्या राहिल्या, मध्ये हातभर जागा.

"अक्का," मंगल म्हणाली, "ऊसतोडीचा मुकादम येऊन गेला. कोयत्याच्या जोड्या कमी पडल्यात म्हणला. उद्यापर्यंत सांग."

"आन तू काय सांगितलं?"

"मी काय सांगणार? फाटक बंद झालं तर पाणी न्हाई. पाणी न्हाई तर हरभरा जळतूय. आमचं काय, आमी गेलतोच की इतकी सालं. पर अजिनाथला आता वाकवत न्हाई, अक्का. त्यो बोलत न्हाई, मला दिसतंय."

वनमालेने तारेकडे पाहिलं. बारीक, चकचकीत, कपडे वाळत घालावेत अशी दिसणारी तार. हिच्यापायी मंगल परत कुठल्या तरी कारखान्यावर पालात राहणार होती. तिला नवऱ्याचा राग आला, दिराचा आला, आणि आठ वर्षं आपण काहीच ठणकावून बोललो नाही म्हणून स्वतःचा सगळ्यात जास्त आला. तारेचा खांब तिने रागानेच लाथाडला. खांब डगडगला. तो तसा डगडगणारच होता. पावसाळ्यात डुकरं मुगातून उडदात गेली तेव्हा तिनेच तो उपटून इकडे रोवला होता.

तिने तो खांब हाताने पुन्हा एकदा हलवून बघितला. मग पदर खोचून कोपीकडे गेली.

"अण्णा, ठराव परत एकदा म्हून दाखवा."

अण्णांनी डोळे मिटले. ठराव म्हणून दाखव असं त्यांना कुणी बऱ्याच वर्षांत म्हटलं नव्हतं. "'सूर्य उगवल्यापासून हेंडगा पेटेपर्यंत कुंपणाबाहेरचं माणूस, जनावर किंवा वस्तू कुंपणाच्या आत येणार न्हाई.'"

"आन कुंपणानं कुठं जायचं न्हाई, त्याचं काय?"

अण्णांनी डोळे उघडले.

"म्हंजे?"

"माईंनी आत यायचं न्हाई, बरोबर हाय. त्या येणार न्हाईत. त्या बोरीखालीच बसतील. कुंपण त्यांच्या पलीकडं जाईल."

"कुंपण कुठं हलतं का, वनमाला?" विजयसिंह म्हणाला.

"झटक्याची तार हाय ती. पावसाळ्यात दोन येळा आपणच हलवली."

"पण हे... अगं, तत्त्वाचा प्रश्न हाय हा!"

"तुमची आई हाय ती," वनमाला म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती नवऱ्याशी चार माणसांत आवाज चढवून बोलली, आणि बोलल्यावर तिलाच बरं वाटलं. "सकाळपासून भायेर बसलीय. तुमची पिंपं आत हाईत आन आई भायेर. हे कसलं राज्य म्हणायचं?"

विजयसिंह शिट्टीशी चाळा करत उभा राहिला. सगळे अण्णांकडे बघत होते. अण्णांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"ठरावात न्हाई," ते म्हणाले.

"मग काय, वाट्टेल ते आत येईल!" रविराजने हरकत घेतली.

"येत कुठं हाय? जातंय. कुंपण जातंय."

कामाला हात लागले. विजयसिंहने स्वतः झटक्याचं मशीन बंद केलं. ते खरंच बंद झालंय का हे अजिनाथने गवताची काडी तारेला लावून बघितलं, मग पहारीने खांब उपटले. आतल्यांनी आतून धरायचं, बाहेरच्यांनी बाहेरून, कुणी रेघ ओलांडायची नाही, असं अण्णांनी बजावलं होतं. जेवून उठलेली टमटममधली माणसंही आली. तार उचलून बोरीच्या पलीकडे नेली, खांब रोवले. माई पाय पसरून बसल्या होत्या तशाच बसून राहिल्या आणि आत आल्या. विजयसिंह त्यांच्या पाया पडला.

"बस, बस," माई म्हणाल्या. "पर मी एकली न्हाई जेवणार. मंगलनं मला सकाळपासून सांभाळलंय. तिलाबी घ्या."

मंगलची कोप तिथून थोडी पुढे होती. तार पुन्हा उचलली. मंगल आत आली, तिची कोप आली, तिची चूल, भज्जी आणि मीठ आलं. मीठ आत आल्याचं अण्णांनी मोठ्याने जाहीर केलं.

"पावणे?" माईंनी विचारलं. "पंगतीतनं पावणे उठवायचे का?"

पाहुणे पार रस्त्यापर्यंत पसरले होते. आता तार कमी पडायला लागली. अजिनाथ म्हणाला, मागच्या बाजूची काढू. मागची, म्हणजे त्यांच्या वडगावाकडची, तार काढून पुढे जोडली. मग रस्त्याच्या बाजूला नांगर घेऊन चाललेला एक म्हातारा हाळी ऐकून थांबला, त्याच्यासाठी पुन्हा थोडी सरकवावी लागली. मग कुणीतरी म्हणालं, पाणवठ्यावर दोन मेंढपाळ बसल्यात. कडक ठरावाने सुरू झालेलं काम आता सावडीच्या कामासारखं रंगात आलं होतं, पहारी एकमेकांकडे फेकल्या जात होत्या, आणि रविराज शर्टाच्या बाह्या वर करून "इकडं ताण, इकडं, ढिली हाय बे!" असं ओरडत सगळ्यांत पुढे होता. वाटणीचं त्याला काही वेळ आठवलंच नाही.

आठवलं विजयसिंहला. त्याने मागे वळून पाहिलं आणि शिट्टी फुंकली.

"मागची बाजू उघडी पडली! पार वडगावपर्यंत उघडी पडली!"

"तार संपली, मालक," अजिनाथ म्हणाला.

"मग सगळं वडगाव आत शिरंल ना!"

"शिरायला कुंपण लागतं," अण्णा म्हणाले. ते आता ताटावर बसले होते आणि त्यांच्या मिशीला आंबील लागली होती. माईंनी मघाशीच त्यांच्यासोबत रानभर आंबील शिंपडून घेतली होती. "जितं तार न्हाई तितं भायेर कुठनं आणायचं? मला दाखव भायेर. बोट ठिव."

विजयसिंहने बोट वर केलं. ते त्याने गावाकडे केलं, मग रस्त्याकडे, मग परत गावाकडे. मग हात खाली घेतला.

"म्हंजे बीडबी आत आलं का?" रविराजने तोंडातला घास तसाच ठेवून विचारलं.

"तार पुरली असती तर सांगितलं असतं," अण्णा म्हणाले.

दिवस कलला. गवताचे हेंडगे वळून ठेवले होते. पहिला पेटायच्या आधी अण्णा उभे राहिले आणि त्यांनी घसा साफ केला.

"निकाल. कुंपणाच्या भायेरचं काही आत आलं न्हाई. विजू जिंकला. रानाची वाटणी न्हाई."

"अण्णा, सोलरवाल्यांना मी काय सांगू?" रविराज म्हणाला, पण भरल्या पोटी.

"सांग, जागा आता लई मोठी झालीय. सगळ्या गावाची सही लागल. दुसरं. कुंपण आज जितं हाय तितंच राहील. आज झालेलं उद्या फिरवायचं न्हाई, मी कधी फिरवलं न्हाई. फाटक उद्यापासून कायमचं बंद, ठरल्याप्रमाणं."

मंगलने वनमालेकडे पाहिलं. ती विहिरीच्या बाजूलाच उभी होती. तिच्या आणि विहिरीच्या मध्ये आता फक्त हरभरा होता.

"अक्का, उद्या पाण्याची पाळी कुणाची?"

वनमालेने तिचा हात धरला. "तुजी," ती म्हणाली. "मुकादमाला न्हाई म्हून सांग."

मंगलने मान डोलावली, आणि मग तोंडाला पदर लावून ती दुसरीकडे बघत राहिली.

हेंडगे पेटले. पोरंसोरं, पाहुणे, म्हातारे, सगळे "ओलगे ओलगे सालम पलगे" म्हणत जळते पेंढे घेऊन गावाच्या दिशेने निघाले. वाटेत लोखंडी फाटक लागलं. ते आता एकटंच उभं होतं. दोन्ही बाजूंनी तार गेलेली, नुसते दोन खांब, मध्ये फाटक, त्याला कुलूप. पुढचे लोक त्याला वळसा घालून निघून गेले. ज्वारीतून पायवाट होतीच.

फाटकाशी विजयसिंह उभा होता. तो दिवसभर जेवला नव्हता. पूजेच्या वेळी तो तार मोजत होता, पंगतीच्या वेळी मशीनपाशी राखण करत होता, आणि सगळ्यांना आत घेण्याच्या गडबडीत त्याला ताट वाढायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, बायकोच्याही नाही. त्याने कमरेची किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. फाटक कुरकुरत उघडलं. लोक त्याच्या डावी-उजवीकडून जात राहिले.

वनमालाही वळसा घालून पुढे गेली होती. मग तिने मागे पाहिलं. जिंकलेला माणूस इतका पडलेला तिने मतमोजणीच्या दिवशीसुद्धा पाहिला नव्हता. दिवसभराचा राग तिच्या मनातून निघून गेला. तो कुठे गेला हे तिलाही कळलं नाही. ती परत फिरली, पायवाटेने मागे आली, फाटकासमोर उभी राहिली आणि हेंडगा सांभाळत फाटकातून आत आली. की बाहेर गेली. ते सांगता येत नव्हतं.

तिच्या मागे असलेला अजिनाथ थबकला. त्याने फाटकाकडे बघितलं, मालकाकडे बघितलं, आणि तोही पायवाट सोडून फाटकाकडे वळला. मग मंगल वळली. पुढे गेलेली टमटममधली माणसं हाक न मारताच परत आली. मोकळं रान दोन्ही बाजूंना पडलं होतं, तरी अण्णा आणि माई, रविराज, मेंढपाळ, नांगरवाला म्हातारा, सगळे एकामागे एक त्या फाटकातून जाऊ लागले. हेंडगे लोखंडाला लागू नयेत म्हणून जरा वाकून. मोती कुत्रासुद्धा.

विजयसिंहने फाटक हाताने धरून ठेवलं. पहिल्या दोघातिघांसाठी तो बाजूला सरकला.

"या," तो म्हणाला. "या, जेवायला या. या."

"जेवलो की दादा," कुणीतरी हसत म्हणालं.

"मी जेवायचा राहिलोय," विजयसिंह म्हणाला, आणि वनमाला ताट वाढायला परत कोपीकडे निघाली.